साठ रंगीत पानं आणि एक पुसट शिक्का

पत्राचा सारांश : नाशिकचे एक वाचक, वय पंचेचाळीस, बँकेत नोकरी. जुन्या वनस्पतिग्रंथांतली हाताने रंगवलेली चित्रं जमवण्याचा त्यांना छंद आहे. आजवर तीसेक सुटी पानं आणि कळलावीचं एक निनावी जलरंगचित्र त्यांच्याकडे जमलं आहे. आता मुंबईतल्या एका विक्रेत्याने 'कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन'चा 1840 च्या सुमाराचा एक बांधीव खंड त्यांना साठ हजार रुपयांना देऊ केला आहे. पुठ्ठा सुटलेला, कणा तुटलेला, आत साठेक रंगीत चित्रं. विक्रेत्याचा सल्ला असा : पानं मोकळी करा, आवडतील ती दहा फ्रेम करा, उरलेली इंटरनेटवर विका, परदेशातली गिऱ्हाइकं दोन-दोन हजारांना सहज नेतील. हिशोब पटतो, पण पान कापायला हात धजत नाही. पत्नीला खरी किंमत सांगितलेली नाही. मुलगी यंदा बारावीला आहे. 'खंड तसाही मोडलेलाच आहे. मी नाही फोडला तर दुसरा कोणी फोडेल, मग मीच का नाही?' असा त्यांचा प्रश्न आहे. जाता जाता त्यांनी लिहिलंय की आतल्या शीर्षकपानावर कुठल्याशा ग्रंथालयाचा गोल शिक्का आहे, अर्धवट खोडलेला, 'त्यामुळे खंड अस्सल जुना असल्याची खात्री पटली.' शिवाय कळलावीचं चित्र खरं की नक्कल, हे कसं ओळखायचं असंही विचारलं आहे.

नमस्कार,

पान कापायला तुमचा हात धजत नाही, त्या बिचकण्यावर विश्वास ठेवा. पण फोडावा की न फोडावा या प्रश्नाआधी एक प्रश्न उभा आहे आणि तो तुम्ही पत्रात एका ओळीत उरकला आहे. तो शिक्का.

ग्रंथालयाच्या शिक्क्याने पुस्तक जुनं ठरत नाही. ते कधीतरी कोणाचं तरी होतं, एवढंच ठरतं. आजही त्यांचंच आहे का, हे आधी पाहायला हवं. ग्रंथालयं जुनी पुस्तकं काढून टाकतात, त्यात गैर काही नाही. पण रीतसर काढलेल्या पुस्तकावर 'निर्लेखित' किंवा 'रद्द' असा दुसरा शिक्का, तारीख, निदान सही तरी असते. मूळ शिक्का कोणीतरी खरवडलाय आणि रद्द केल्याची खूण कुठेच नाही, असं असेल तर मला शंका येते. तुम्हालाही यायला हवी. मोडकळीला आलेल्या संस्थांच्या कपाटांतून असे खंड रद्दीच्या गठ्ठ्यात जातात, कधी नकळत, कधी कोणाच्या तरी संगनमताने.

तेव्हा पहिलं काम हे करा. खंड पुन्हा हातात घ्या आणि चित्रं बाजूला ठेवून बाकीचं बघा. शीर्षकपानाच्या मागे दाखल क्रमांक आहे का? आपल्याकडची बरीच ग्रंथालयं एका ठरावीक आतल्या पानावरही तो क्रमांक लिहितात, म्हणजे पहिलं पान फाटलं तरी ओळख राहते. शिक्का मारणारा माणूस कधीकधी चित्रांच्या पाठीवरही शिक्का मारतो. तिरपा उजेड पाडलात तर खोडलेली अक्षरंही बऱ्यापैकी लागतात. नाव लागलं की त्या संस्थेला फोन करा किंवा ईमेल पाठवा, खंडाचा क्रमांक कळवा आणि विचारा. उत्तर येईपर्यंत एक रुपयाही देऊ नका. विक्रेता घाई करू लागला, तर त्या घाईतच तुम्हाला काय ते कळेल. विक्रेत्याला काही ठाऊक नसणंही शक्य आहे. पण चोरीची वस्तू पैसे मोजून घेतली म्हणून आपली होत नाही.

आता बघा, हाच खंड फोडला तर काय होईल. शीर्षकपान रद्दीत जाईल. मजकूर रद्दीत जाईल. चित्रं पन्नास घरांत पोचतील आणि हा खंड कुठल्या कपाटातून आला, हे पुन्हा कधीच कोणाला सांगता येणार नाही. विक्रेत्याच्या मनात असं काही असेल असं मी म्हणत नाही, पण परिणाम तोच.

समजा, ग्रंथालयाचं उत्तर आलं, 'हो, आम्हीच विकला होता.' मग तुमचा मूळ प्रश्न येतो.

'दुसरा कोणी फोडेल' हे खरं असेलही. वनस्पतिचित्रांच्या बाजारात हे फार वर्षं चालत आलंय. आज सुटी विकली जाणारी बहुतेक पानं कुठल्या ना कुठल्या पुस्तकातून कापलेली आहेत, तुमच्याकडची तीसही. ती घेतल्याचा अपराधीपणा बाळगू नका. जी आधीच सुटी झाली त्यांना कोणीतरी जपायलाच हवं. पण आधीच सुटलेलं पान सांभाळणं आणि स्वतः पान सोडवणं, यात मला मोठं अंतर दिसतं. दुसरा काय करेल याची जबाबदारी तुमच्यावर नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे मॅगझिन दुर्मिळ हस्तलिखित नव्हे. विल्यम कर्टिस यांनी ते 1787 मध्ये लंडनमध्ये सुरू केलं. जगभरच्या संस्थांत त्याचे संच आहेत आणि बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर जुने खंड पानन् पान फुकट पाहता येतात. तुमचा खंड फुटला म्हणून वनस्पतिशास्त्राचं काही अडणार नाही. जाईल ती ही एक प्रत. आणि हाताने रंगवलेल्या पुस्तकात प्रत्येक प्रत वेगळी असते. 1840 च्या आसपास चित्रं वॉल्टर हूड फिच काढत, मजकूर विल्यम जॅक्सन हूकर लिहीत, पण छापलेल्या काळ्या रेषांत रंग भरायचे ते रंगाऱ्यांनी. समोर एक नमुना ठेवून, पानामागून पान. ही पद्धत त्या मॅगझिनमध्ये 1948 पर्यंत चालू होती. एका प्रतीतला हिरवा दुसऱ्या प्रतीत नेमका तसाच सापडत नाही. त्या हातांची नावं कुठेही छापलेली नाहीत.

आणि चित्रासमोरचा मजकूर तुम्ही वाचलात का? झाड कुठून आलं, बी कोणी पाठवलं, कुठल्या काचघरात पहिल्यांदा फुललं, पाकळी उघडून आत काय दिसतं, हे सगळं तिथे असतं. चित्राखाली किंवा बाजूला पाकळ्या-पुंकेसरांचे छोटे आकडे घातलेले तुकडे दिसतात, त्यांची किल्ली मजकुरात आहे. मजकूर फेकला की ते तुकडे मुके होतात. फ्रेममध्ये उरते ती सुंदर नक्षी. नक्षीही हवी, पण तुम्ही पत्रात स्वतःच लिहिलंय की सह्याद्रीत फिरताना ओळखीची झाडं शोधता. तुमच्यासारख्याला नुसती नक्षी किती दिवस पुरेल?

गठ्ठा एकत्र राहण्याचं मोल काय, याचं उदाहरण आपल्या पुण्याजवळचंच आहे. दापोडीला गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळात, 1828 मध्ये, सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे डॉ. अलेक्झांडर गिब्सन तिथले अधीक्षक झाले. 1847 ते 1850 या काळात त्यांनी एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून बागेतल्या आणि आसपासच्या झाडांची जलरंगचित्रं करून घेतली. आज ती एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनकडे आहेत. गठ्ठा एकत्र राहिला म्हणूनच तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री नोल्टी यांना त्या चित्रांवरून गिब्सन आणि दापोडीची बाग यांची सगळी हकिकत मांडता आली. हीच चित्रं शंभर वर्षांपूर्वी सुटी विकली गेली असती, तर आज कोणाच्या तरी दिवाणखान्यात 'जुनं फुलाचं चित्र, बहुधा भारतीय' एवढीच ओळख उरली असती. इतकं होऊनही चित्रकाराचं नाव मिळालेलं नाही. आपल्याच भागातला एवढ्या ताकदीचा माणूस, आणि त्याला नावाने हाक मारता येत नाही, याची मला फार खंत वाटते.

उलट मद्रासकडे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट वाइट यांनी आपल्या चित्रकारांची, रंगय्या आणि गोविंदू यांची नावं नोंदवून ठेवली. गोविंदूच्या नावाने तर त्यांनी ऑर्किडच्या एका वंशाला (जीनसला) 'गोविंदूइया' असं नाव दिलं. पुढच्या वर्गीकरणात ते नाव टिकलं नाही, पण माणूस टिकला. तुमच्या तीस पानांपैकी एखाद्यावर तळाशी बारीक अक्षरात असं नाव छापलेलं असेल. फ्रेमवाला माउंट, म्हणजे चित्राभोवतीचा पुठ्ठा, कापताना नेमकी तीच ओळ झाकतो. तसं होऊ देऊ नका.

आता विक्रेत्याच्या हिशोबाकडे येऊ, कारण तो दिसतो तितका सरळ नाही. साठ चित्रांतली देखणी किती? ऑर्किड, कृष्णकमळ, एखादं मोठं कमळ, निवडुंग, अशी दहा-बारा. नेमकी तीच तुम्ही ठेवणार. उरतात हिरवट-पांढऱ्या फुलांची, बारीक पानांची साधी झुडपं. वनस्पतिशास्त्राला ती तितकीच प्यारी, पण भिंतीसाठी चित्र घेणारा त्यांच्याकडे वळूनही पाहत नाही. ती वर्षानुवर्षं तुमच्या कपाटात राहतील. शिवाय संकेतस्थळाची दलाली, कडक पुठ्ठ्याचं पॅकिंग, परत आलेली पार्सलं. हा व्यवसाय आहे आणि तो पूर्ण वेळ मागतो.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'परदेशातली गिऱ्हाइकं'. आपल्याकडे 1972 चा पुरावस्तू व कलानिधी कायदा आहे. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू, आणि शास्त्रीय किंवा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं व दस्तऐवज पंचाहत्तर वर्षांहून जुने असतील तर, या कायद्यात येतात आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पाकिटात घालून पोस्टाने पाठवणं हीही निर्यातच. पुरावस्तूंच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायलाही परवाना लागतो. एखादी वस्तू या व्याख्येत येते की नाही अशी शंका असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तपासून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र घ्यायची सोय आहे. तुमच्या कळलावीलाही हे लागू होऊ शकतं. शंभर वर्षांहून जुनी चित्रं, कागदावरचीसुद्धा, सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागतात. नोंदणी केली म्हणून चित्र सरकारजमा होत नाही, ते तुमच्याच घरी राहतं. तेव्हा चौकशी करायला घाबरू नका.

घरच्या बाबतीत एकच विचारते. पत्नीला या छंदातलं काही कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. पण त्यांना खरी किंमत सांगितलेलीच नाही, तर त्यांनी काय कळून घ्यायचं होतं? कदाचित त्यांचा विरोध चित्रांना नसेलही. बारावीच्या वर्षी घरातून किती पैसा बाहेर जातोय हे माहीत नसणं, यानेच कोणाचीही झोप उडेल. आधी आकडा सांगा. आणि 'ही गुंतवणूक आहे' असं म्हणू नका, कारण ती नाही. आपल्याकडे अशा पानांना गिऱ्हाईक मोजकं आहे आणि अडीअडचणीला घेतलेल्या भावाच्या निम्म्यानेही विकली जातील याचा भरवसा नाही. हा हौसेचा खर्च आहे, एवढं मोकळेपणाने मान्य केलंत की दोघांनी मिळून वर्षाची रक्कम ठरवणं सोपं जाईल.

मग करायचं काय? खंडाचं मूळ स्वच्छ निघालं आणि रक्कम घरात दोघांना मान्य असेल, तर घ्या आणि अख्खा ठेवा. त्याआधी शेवटची सूची उघडून प्रत्येक चित्र जागेवर आहे का ते ताडून बघा. घडी घातलेली मोठी चित्रं सर्वांत आधी नाहीशी होतात. चार-पाच गायब असतील तर भाव खाली आणायला ते पुरेसं कारण आहे. तुटलेला कणा दुरुस्त होतो. मात्र गल्लीतल्या बाइंडरकडे देऊ नका, तो कडा छाटून फेव्हिकॉल लावेल. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेचीही केंद्रं आहेत, तिथे विचारा. दुरुस्ती परवडत नसेल तर खंड सुती पट्टीने सैल बांधून आम्लमुक्त पेटीत आडवा ठेवा. काही वर्षं तसाही चांगला राहील.

भिंतीवर चित्र हवंच असेल तर त्याच चित्राची उत्तम स्कॅनवरून छापलेली प्रत लावा. हे मी कमीपणाचं मानत नाही. नाशिकच्या उन्हात मूळ जलरंग लावला, तर काही वर्षांत गुलाबी आणि जांभळा उडून गेलेला तुम्हालाच बघावा लागेल. वाचलेल्या पैशांत आज आपल्याकडे वनस्पतिचित्रं काढणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडून एखादं ताजं चित्र घ्या. सह्याद्रीतलं झाड, समोर बसून काढलेलं, खाली सही असलेलं. पावणेदोनशे वर्षांपूर्वी दापोडीच्या चित्रकाराला जे मिळालं नाही ते या चित्रकाराला तुमच्या हातून मिळेल.

आता कळलावी. खरी की नक्कल हे फोटोवरून मी सांगणार नाही, कोणीही सांगू नये. पण दहापट भिंग घेऊन तुम्ही स्वतः बरंच पाहू शकता. आधी पाकळीची लाट बघा, जिथे पिवळा लालात मिसळतो. आधुनिक छपाई असेल तर तिथे सहसा बारीक ठिपक्यांची जाळी दिसेल, आणि ती दिसली की प्रश्न तिथेच संपला. जलरंग असेल तर रंग वाहत गेलेला दिसतो आणि फटकाऱ्याच्या कडेला, जिथे पाणी शेवटी सुकलं तिथे, गडद रेघ उठते. पानांच्या गडद हिरव्या भागावर तिरपा प्रकाश टाकलात तर कधीकधी डिंकाची चमक दिसेल. सावली खोल वाटावी म्हणून जुने चित्रकार रंगात डिंक जास्त घालत. रंगाखाली पेन्सिलीची रेघ आहे का? पानाच्या टोकाच्या वेलतणाव्यात ती बहुधा सापडते, कारण तिथे हात चुकतो. छापलेल्या रेषेवर रंग भरलेला असेल तर बाह्यरेषा सगळीकडे एकाच काळेपणाची असते आणि रंग तिच्या बाहेर थोडा सांडलेला दिसतो. मग ते जलरंगचित्र नव्हे, हाताने रंगवलेलं मुद्रण आहे. कमी दर्जाचं अजिबात नाही, पण त्याची किंमत वेगळी.

नंतर चित्र उलटं करा. तांब्यापासून बनवलेला हिरवा असेल तर तो कागद खातो आणि पाठीमागे पानाच्याच आकाराचा तपकिरी डाग उमटतो. नवीन नकलेत हे सहसा नसतं. उजेडासमोर धरल्यावर 'व्हॅटमन' असा जलचिन्हाचा शब्द (जुन्या इंग्रजी कागद कारखान्याचं नाव) आणि खाली साल दिसलं तर आनंद माना, पण त्याने कागद केव्हाचा तेवढंच कळतं. कोऱ्या जुन्या कागदावर नवीन चित्र काढणारे लोक आहेत. आणि तपकिरी बुरशीच्या ठिपक्यांवरून रंग गेलेला दिसला, म्हणजे ठिपका रंगाच्या खाली आहे, तर रंग नंतरचा. हीच नजर हाताने रंगवलेल्या छापील पानांनाही लावा. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टस मलबारिकस' या ग्रंथाची 1678 ते 1693 मधली चित्रं काळ्या रेषांतच छापली गेली. त्यातलं रंगीत पान कोणी 'मूळ रंग' म्हणून विकू लागलं तर ते सोडून द्या. हिरव्या रंगाबद्दल एक सावधगिरी : एकोणिसाव्या शतकातल्या काही हिरव्यांत आर्सेनिक असे. रंगाला बोट लावू नका, हाताळल्यावर हात धुवा.

तुमच्या तीस पानांतली काही लॅमिनेट केली आहेत का, हे पत्रात नाही. केली नसतील तर कधीच करू नका. केली असतील तर घरी सोलायच्या फंदात न पडता संवर्धकाकडे न्या. सेलोटेप नको, फ्रेमच्या पाठीला हार्डबोर्ड थेट चिकटलेला नको, काच चित्राला टेकलेली नको. पावसाळ्यात फ्रेम बाहेरच्या ओल्या भिंतीवर तर मुळीच नको. कसर आणि बुरशी दोन्ही जून ते सप्टेंबरात कामाला लागतात. म्हणून मेअखेरीस एकदा सगळी पानं काढून, पंख्याखाली नव्हे, सावलीत वाऱ्यावर अर्धा दिवस ठेवा.

आणि या रविवारी एक साधी वही घ्या. प्रत्येक पानाला क्रमांक द्या. कुठून घेतलं, कोणाकडून, केव्हा, किती रुपयांना, कुठल्या ग्रंथातलं, चित्रकार कोण, कोरणारा कोण, झाडाचं आजचं शास्त्रीय नाव आणि आपल्याकडचं नाव, हे सगळं लिहा. माहीत नसेल तिथे जागा कोरी ठेवा, अंदाज लिहू नका. पानावर काही लिहायचं नाही, क्रमांकही माउंटच्या मागे मऊ पेन्सिलीने. मुलीची परीक्षा झाली की तिच्याकडून त्या सगळ्याचे फोटो काढून घ्या. किंमतीचा रकाना पत्नीलाही दाखवा.